सूर्य आधी दवनीवाड्याला

मुंबई-पुण्याच्या माणसाला सूर्य बघायचा असला की तो शनिवारी रात्री बसमध्ये बसतो. कपाळाला बॅटरी, पाठीला सॅक, मोबाइलमध्ये पॅकेजची पावती. मध्यरात्र उलटल्यावर बस त्याला बारी गावात सोडते आणि तिथून कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर अंधारात रांग लागते. उंची 1646 मीटर, महाराष्ट्राचं सर्वोच्च टोक. मधल्याच पायरीवर कुणी सेल्फीला थांबलं की खालच्या सगळ्यांना दादरचा जिना आठवतो. त्यापासूनच तर पळून आले होते बिचारे!

आता जरा हिशेब करू. उंचावर गेलं की क्षितिज खाली जातं आणि सूर्य लवकर दिसतो, हे खरं. पण किती लवकर? भोवतालच्या मुलखाहून हजार मीटर वर गेलात, तर जेमतेम चार मिनिटं. एवढ्यासाठी रात्रभर गुडघे झिजवायचे.

गोंदिया जिल्ह्यातलं आमचं दवनीवाडा कळसूबाईच्या पूर्वेला सहा अंशांहून जास्त अंतरावर आहे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य इथे पंचवीसेक मिनिटं आधी हजर. शिखराची चार मिनिटं उदारपणे सोडून दिली तरी वीसेक मिनिटांची आघाडी उरतेच. तिकडे ‘आला, आला’ म्हणून शिट्ट्या वाजेपर्यंत इकडे चहाचं भांडं घासून पालथं पडलेलं असतं. तेही सपाट धानाच्या मुलखात, एक पायरी न चढता. राज्यातल्या बाकी सगळ्या गोष्टी मुंबईहून निघून आमच्याकडे सर्वांत शेवटी पोचतात. सूर्य तेवढा उलट्या दिशेने येतो, त्याला मंत्रालयाची सही लागत नाही.

जागरणाचं म्हणाल, तर त्यात आमच्या या झाडीपट्टीला कोण शिकवणार? दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली की रात्री नाटक उभं राहतं ते उजाडेपर्यंत. नायिकेचे हाल संपतात तेव्हा पूर्व लाल झालेली असते. सूर्योदय तिकिटातच धरलेला, पण त्याची जाहिरात करायचं अजून कुणाला सुचलेलं नाही. पुढे उन्हाळी धान लागलं की पंपाच्या विजेची पाळी रात्रीची. बांधीत पाणी फिरवा, धुऱ्यावर साप बघा, रानडुकरांसाठी जागल करा. या मंडळींनी जितके सूर्योदय पाहिलेत तितके कुठल्याच गिर्यारोहकाने पाहिले नसतील. फोटो मात्र एकाचाही नाही.

चढण्याचंही वावडं नाही. माघी पौर्णिमेला सालेकसा तालुक्यात कचारगडचा डोंगर माणसांनी फुलतो. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून गोंड भाविक येतात, आपल्या आद्य गुरूला, पारी कुपार लिंगोला स्मरून गुहेपर्यंत चढतात. गुहेत शिरताना सूर्याकडे पाठ होते, त्याचं कुणाला काही वाटत नाही.

तेव्हा दवनीवाड्यानेही आता पॅकेज काढावं. ‘नाइट पंप ट्रेक’: रात्री मोटार सुरू करणे, गुडघाभर चिखलात चालणे, डुकरं हाकलणे, सूर्योदय आणि चहा. अटी दोनच. वीज गेली तर पैसे परत नाहीत, आणि डुक्कर अंगावर आलं तर ओरडायचं ज्याचं त्याने.