ससेराव, आमच्या आबांचं काय चुकलं?

प्रति,
मा. ससेराव
मुक्काम : आमचा विंडोज कॉम्प्युटर, बोरिवली पूर्व

विषय : वडिलांचे नाव देवनागरीत असल्याने अडून बसल्याबाबत.

महोदय,

आपलं पूर्ण नाव रॅबिटएमक्यू, हुद्दा मेसेज ब्रोकर. ब्रोकर म्हटलं की बोरिवलीतला माणूस आधी महिन्याभराचं भाडं बाजूला काढतो. आपण दलाली घेत नाही असं कळलं, म्हणून तुम्हाला घरात घेतलं. फुकट येणाऱ्याचे नखरे आधी विचारून घ्यावेत, हे सुचलं नाही.

तुमचं काम तसं साधं. एका प्रोग्रॅमने दिलेला निरोप रांगेत ठेवायचा, ज्याचा आहे तो आला की द्यायचा, आणि पोच मिळेपर्यंत खोडायचा नाही. 1980च्या दशकात हेच काम आमच्या इमारतीत तळमजल्यावरच्या काकू करायच्या. टेलिफोनसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबत. तोवर लग्नपत्रिकेवरसुद्धा काकूंचा नंबर, पुढे 'पीपी', म्हणजे फोन शेजाऱ्यांचा. फोनशेजारी पाठकोऱ्या कागदांची वही, तिला सुतळीने बांधलेली पेन्सिल. 'मुलुंडची ताई बाळंत झाली, मुलगी, दोघी सुखरूप.' तिसऱ्या मजल्यावर कुलूप असलं तर निरोप संध्याकाळपर्यंत वहीत राही. मग एखादं पोर वर धाडायचं. जिन्यातून "सांगितलंऽऽ" ऐकू आल्याशिवाय काकू ओळीवर काट मारत नसत. पोर मध्येच क्रिकेटला पळालं, तर तोच निरोप दुसऱ्या पोराच्या हाती. तुमच्याकडे या प्रत्येक गोष्टीला भारदस्त इंग्रजी नाव आहे म्हणे.

त्याच दशकात जुहूला वाढलेले विवेक रणदिवे अमेरिकेत 'इन्फर्मेशन बस' बांधत होते. ही बेस्टची नव्हे. एकाने माहिती बसमध्ये चढवायची, ज्याला हवी त्याने आपल्या थांब्यावर उतरवून घ्यायची. कोण कुठे बसलाय याची चौकशी दोघांनीही करायची नाही. ती आधी शेअर बाजारातल्या बड्या मंडळींच्या कामी आली. आपला जन्म 2007चा, पण निरोप्यांच्या घराण्याचं आजोळ धरलं तर जुहूचं. तेव्हा मराठी नावाचं वावडं आपल्याला नसावं, असं मी धरून चाललो.

आलात तेही एकटे नाही. "आधी अर्लांगला आणा, माझ्या आवृत्तीला चालेल अशाच आवृत्तीचा आणा आणि ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून बसवा," अशी अट. नवरदेवाआधी करवल्याचा मान! पण अर्लांग ही प्रोग्रॅमिंगची भाषा, आणि ती घडली एरिक्सनमध्ये, टेलिफोन एक्स्चेंजसाठी. आणि तिला नाव मिळालं कोपनहेगनच्या आग्नर क्रारुप अर्लांग यांचं. इतक्या माणसांना किती टेलिफोन लाइन पुरतील, याचं गणित त्यांनी 1909 पासून मांडलं. रांगेचं शास्त्र त्यातून उभं राहिलं. आमच्याकडे काकूंच्या काळी रांग होती, शास्त्रही होतं, लाइन तेवढी नव्हती. म्हणून करवल्याला पाट दिला.

आणि मग तुम्ही आबांपाशी अडलात.

हा कॉम्प्युटर आबांचा. घेतला तेव्हा खात्याचं नाव त्यांनी हट्टाने देवनागरीत टाइप करवून घेतलं : 'आबा'. विंडोजने मुकाट्याने त्या नावाचा फोल्डर केला. तुम्ही आपलं बिऱ्हाड नेमकं त्याच फोल्डरच्या पोटात थाटायला गेलात आणि रोमन अक्षरं नाहीत म्हणून उंबरठ्यावर बसून राहिलात. मी खात्याचं नाव रोमन केलं, तरी फोल्डर 'आबा'च राहिला. पाटी बदलली म्हणून खोली थोडीच बदलते? तुमच्या माहितीपत्रकात ही अडचण आधीच लिहिलेली होती. ते मी शेवटी वाचलं, ही आमच्या घराची परंपरा. अखेर सी ड्राइव्हवर रोमन नावाचा वेगळा फोल्डर काढला, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये तो पत्ता भरला, सर्व्हिस काढून पुन्हा बसवली आणि मगच आपण पायातलं काढलंत.

त्यानंतर आतलं बघायला खिडकी हवी, तर तिचा प्लगइन वेगळी आज्ञा देऊन चालू करायचा. ती 15672 क्रमांकाच्या पोर्टवर उघडली. नाव 'गेस्ट', पासवर्डही 'गेस्ट'. पण हा पाहुणा त्याच कॉम्प्युटरवरून आला तर आत, बाजूच्या खोलीतल्या लॅपटॉपवरून आला तर बाहेर. आमच्या वॉचमनला हे दाखवणार आहे.

आता तक्रारीचा खरा मुद्दा. रांगेला नाव देताना मी चिडून देवनागरीत 'काकू' टाइप केलं, आणि तुम्ही हूं की चूं केलं नाही! रांगेचं नाव 255 बाइटपर्यंत कुठल्याही लिपीत चालतं. देवनागरीच्या एका चिन्हाला 3 बाइट, म्हणजे 'काकू'चे अवघे 12. माजघरात मराठी चालते, मग ओटीवर सोवळं कशाला?

काकूंची परीक्षाही घेतली. निरोप घेणारा प्रोग्रॅम पोच देण्याआधीच मधेच मारला. खिडकीत 'काकू'पुढे पुन्हा 1 आला. निरोप रांगेत परत. प्रोग्रॅम परत सुरू केला, पोच गेली, शून्य झालं. मागे उभ्या आबांनी चष्मा वर केला.

"काकूंच्या नावापुढे शून्य का रे?"

"सगळे निरोप पोचले, आबा."

"मग त्याच," म्हणाले, आणि चहा टाकायला आत गेले.

तेव्हा राहा. फक्त पुढच्या आवृत्तीत तेवढं उंबरठ्याचं बघा.

आपला नम्र,
आबांचा मुलगा