पिप इन्स्टॉल अडत्या

शेतकरी आणि बाजार यांच्यामधला माणूस हटवायचा, हा आपल्याकडचा जुना नवस. 2016 साली तर तो फेडायची घाईच झाली होती. एप्रिलमध्ये ई-नाम हा शेतमालाचा ऑनलाइन बाजार सुरू झाला. जुलैमध्ये राज्य सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं. मधला माणूस मात्र हुशार. तो यार्डातून उठला आणि संगणकात जाऊन बसला. तिथं त्याला क्लायंट लायब्ररी म्हणतात.

समजा, मालेगाव तालुक्यातल्या मेडशीत एखाद्या संगणक शिकलेल्या पोट्ट्यानं मनावर घेतलं, की बापाला रोज सोयाबीनचा भाव मोबाइलवर आपोआप यावा. सोय आहे. केंद्र सरकारच्या डेटा डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावरून अ‍ॅगमार्कनेटचे रोजचे बाजारभाव एपीआयनं फुकट मिळतात. सर्व्हरशी थेटही बोलता येतं. पण साहेबांशी थेट बोलायची आपल्याला सवय नाही. म्हणून लायब्ररी. आपल्या वतीनं ती विचारणार, ती उत्तर आणणार. 'फक्त 3 ओळी लिहा', असं तिच्या माहितीपत्रकात असतंच.

या 3 ओळींच्या आधी पायथन बसवायचं. बसवताना खाली एक बारीकसा चौकोन असतो, त्यावर टिक करायची राहिली की संगणक म्हणतो, पिप नावाचं इथं कोणी नाही. पिप म्हणजे लायब्ऱ्या मागवून देणारा. टिक केली, पिप सापडला, 'रिक्वेस्ट्स' नावाची लायब्ररी मागवली. तर सोबत आणखी चौघं उतरले. एक सर्व्हरशी जोडणी करणारा, एक संकेतस्थळांची प्रमाणपत्रं बाळगणारा, एक बिगर-इंग्रजी पत्ते उलगडणारा आणि एक आलेला मजकूर कुठल्या लिपी-संकेतात आहे याचा नुसता अंदाज बांधणारा. अडत्याचे हमाल, मापाडी आणि दिवाणजी ओळीनं आत आले.

यातला एखादा रुसला तर काय होतं, हे जगानं त्याच 2016 च्या मार्चमध्ये पाहिलं. अझेर कोचुलू या प्रोग्रामरचं एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या कोठाराशी एका नावावरून बिनसलं आणि त्यानं आपली सगळी पॅकेजं काढून घेतली. त्यात 'लेफ्ट-पॅड' नावाचं एक होतं. अवघ्या 11 ओळी. काम काय, तर मजकुराच्या डावीकडे रिकामी जागा भरणं. हजारो प्रकल्पांची बांधणी अडली. शेवटी एनपीएमनं तेवढ्या 11 ओळी परत आणून ठेवल्या. आपल्याकडे हमालांच्या संपात निदान कोण संपावर आहे ते दिसतं तरी.

असो. पुढचं प्रकरण किल्लीचं. एपीआय की कोणाला दाखवायची नाही, वेगळ्या फायलीत ठेवायची, फायलीचं नाव 'डॉट ईएनव्ही'. नोटपॅड ते गुपचूप 'डॉट ईएनव्ही डॉट टीएक्सटी' करतं, आणि प्रोग्राम म्हणतो, किल्लीच नाही. नमुन्याची किल्ली वापरावी, तर ती एका वेळी 10 नोंदींच्या वर देत नाही. शिवाय 'टाइमआउट' आपण ठरवून दिला नाही, तर रिक्वेस्ट्स उत्तराची वाट पाहत बसूनच राहते. हे ज्यानं लिहिलं त्यानं कधीतरी पीकविम्याचा अर्ज भरलेला असावा.

आता सगळं जुळलं. उत्तर आलं: 200, म्हणजे सर्व कुशल. नोंदी: शून्य. पोट्ट्यानं सोयाबीनचं इंग्रजी स्पेलिंग शब्दकोशातलं लिहिलं होतं. सरकारी यादीत मध्ये एक 'ए' जास्त आहे. चूक झाली असंही कोणी म्हणत नाही, फक्त माल नाही म्हणतात. तुरीचं नाव तर पूर्ण वंशावळ आहे: आधी अरहर, मग कंसात तूर, तिरपी रेघ, रेड ग्राम, आणि दुसऱ्या कंसात 'होल'. यातली एक मोकळी जागा चुकली की तूर गायब. मालेगाव लिहावं तर नाशिकचं की वाशिमचं, हे वेगळं सांगा. वाशिम 'व्ही'नं लिहून पाहा, 'डब्ल्यू'नं लिहून पाहा.

बाप हे सगळं खाटेवरून पाहत होता.

"अबे, कायले एवढी मगजमारी करून रायला? फोन लाव ना त्याले."

'त्याले' म्हणजे मालेगावच्या अडत्याला. पोट्ट्याच्या पडद्यावर एव्हाना किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे 3 भाव एकदाचे उमटले होते. त्यानं ते वाचून दाखवले. बापानं तरी फोन लावलाच. पलीकडून भावाचा आकडा आलाच नाही, आधी प्रश्न आला: "ओल किती हाये मालात?"

पोट्ट्यानं एपीआयचे सगळे रकाने परत वाचले. राज्य, जिल्हा, बाजार, जिन्नस, वाण, प्रत, तारीख, तिन्ही भाव. ओलीचा रकाना नाही.

"थोडी असंन बाप्पा," बाप फोनवर म्हणाला. "तू पाहून सांग."