उताणं पडण्याची पूर्वतयारी

शरदातलं आकाश बघायचं तर आधी रात्र निवडावी. कोजागिरी निवडू नये. नवखे हमखास तीच धरतात, कारण गच्ची मिळते, मसाला दूध मिळतं, मंडळीही जमतात. पण पूर्ण चंद्रापुढे तारे उरतात मोजून पाचपन्नास. बाकी बघायचं ते दुधातलं केशर. दिवाळीची अमावास्या पंचांगात उत्तम, प्रत्यक्षात नुसता फटाक्यांचा धूर. तेव्हा मधले दिवस धरावेत. आश्विन वद्य अष्टमीनंतर चंद्र मध्यरात्र उलटल्याशिवाय तोंड दाखवत नाही.

मुंबईकरांनी बदलापूर ओलांडून निदान वांगणी तरी गाठावी. सतरंज्या दोन घ्याव्यात, एक अंगाखाली आणि दुसरी दव पडायला लागल्यावर अंगावर. टॉर्चच्या तोंडाला लाल जिलेटिन पेपर रबरबँडने बांधावा. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि ‘किती वाजले रे?’ म्हणत कुणी मोबाइल उघडला की ती पुन्हा पहिल्यापासून. असा एक जण प्रत्येक गटात असतोच. त्याच्याकडे भडंगाचा डबा सोपवावा. हात गुंतलेले राहतात.

टेलिस्कोप आणू नये. मी पहिल्या वर्षी उसना आणला होता. साडेदहापर्यंत मला फक्त त्याच्या तिपाईचे स्क्रू दिसले. साधी १०×५० ची दुर्बीण पुरते.

नऊच्या पुढे उताणं पडावं. जवळजवळ डोक्यावर चार ताऱ्यांचा ऐसपैस चौकोन दिसेल. हा महाश्व. घोडा शोधू नये, सापडत नाही. चौकोनाची पश्चिमेकडची बाजू पूर्वा भाद्रपदा, पूर्वेकडची उत्तरा भाद्रपदा. यावर सतरंजीवरच वाद सुरू होतो. इथे पूर्वा म्हणजे आधीची, उत्तरा म्हणजे नंतरची, एवढं सांगून तो मिटवावा.

उत्तरेकडे शर्मिष्ठा, इंग्रजी ‘एम’सारखी. तिच्या एका बाजूला वृषपर्वा, दुसऱ्या बाजूला ययाति, आणि तिथून चौकोनापर्यंत पसरलेली देवयानी. ग्रीकांच्या गोष्टीत आपली ही शर्मिष्ठा देवयानीची आई आहे. आपण तिची सवत केली. ज्याने कुणी हे बारसं केलं, त्याला एकत्र कुटुंबाचा अनुभव असावा.

आता मुख्य काम. चौकोनाचा ईशान्येचा कोपरा धरावा. तिथून देवयानीच्या रांगेत एक मंद तारा सोडून पुढच्या ठळक ताऱ्यावर थांबावं. मग शर्मिष्ठेच्या दिशेने काटकोनात वळून दोन फिकट तारे मोजावेत. दुसऱ्याच्या शेजारी दुर्बिणीच्या काचेवर बोट उमटल्यासारखा डाग दिसेल. काच पुसू नये. ती देवयानी दीर्घिका आहे, २५ लाख प्रकाशवर्षं दूर.

नुसत्या डोळ्यांनी बघायची तर तिच्याकडे थेट बघू नये, किंचित बाजूला बघावं. मंद उजेड टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध नसतात, कडेला असतात. लग्नघरात नको असलेला नातेवाईक आपण जसा बघतो, तसं.

ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबलने याच डागाच्या फोटोवर, नवतारा समजून लिहिलेलं ‘एन’ खोडलं आणि शाईने ‘व्हार!’ लिहिलं. तो तारा कमीजास्त तेजाचा निघाला. त्यावरून अंतर काढता आलं आणि हा डाग आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेर गेला. नवशिक्यांकडून एवढी अपेक्षा नाही.

‘दिसला का?’ असं विचारलं की निम्मे लोक न दिसताच ‘हो हो’ म्हणतात. मीही म्हटलं होतं. खरा दिसला तो दुसऱ्या वर्षी. दाखवला भडंगवाल्याने.