उत्तर तेव्हाच सांगितले होते

ज्या खेळातील प्रत्येक प्रश्नाचे उत्तर, प्रत्येक स्पर्धकाचे भाग्य आणि प्रत्येक धनादेशाची रक्कम प्रेक्षकाला पाव शतकापूर्वीच ठाऊक होऊन चुकली आहे, तो खेळ त्याच प्रेक्षकाने पुनःपुन्हा, आणि तोही पहिल्या वेळेपेक्षा अधिक हिरिरीने पाहावा, ही गोष्ट तर्कशास्त्राच्या कसोटीला उतरणारी नव्हे. परंतु होटगी हे जंक्शन असले तरी सगळ्याच गाड्या येथे थांबत नाहीत, आणि तर्कशास्त्राला तर येथे थांबा कधीच नव्हता. सोलापूर सोडून दक्षिणेकडे निघालेला लोहमार्ग आमच्या गावी दुभंगतो. एक फाटा वाडीच्या रोखाने जातो, दुसरा विजापूर-गदगकडे वळतो, आणि या दोहोंच्या बेचक्यात राहणाऱ्या माणसांना वाट पाहण्याची जी पिढीजात सवय जडली आहे, तिचा विनियोग तूर्त रात्री जेवणे आटोपल्यावर अप्पांच्या सोप्यात बसून ‘कौन बनेगा करोडपती’चे जुने भाग पाहण्यात चालू आहे. अप्पांचा नातू मोबाइलमधून ते तुकडे हुडकून काढतो आणि भिंतीवरच्या टीव्हीवर चढवतो. पुढचे कामकाज पंचमंडळी चालवतात.

पंचमंडळी म्हणजे स्वतः अप्पा, रेल्वेच्या चाकरीतून स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झालेले. नागरिकशास्त्र शिकवता शिकवता ज्यांचे केस पिकले ते गुरुजी. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचे मालक (आमच्या सोलापूरकडे पानवाल्यापासून कारखानदारापर्यंत प्रत्येकाला ‘मालक’ म्हणण्याची वहिवाट आहे, पण हे दस्तऐवजानेही मालक आहेत). उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसलेल्या अप्पांच्या मातोश्री, ज्यांना सारे गाव अव्वा म्हणते. आणि रोजनामा लिहिण्याचे काम कोणी न सोपवता अंगावर घेतलेला मी.

या खेळाची मूळ सनद विलायतेची. डेव्हिड ब्रिग्ज, माईक व्हाइटहिल आणि स्टीव्हन नाइट या तिघांनी तो रचला, आणि 4 सप्टेंबर 1998 रोजी क्रिस टॅरंट नावाच्या निवेदकाने तो तेथील आयटीव्ही वाहिनीवर प्रथम मांडला. पुरती दोन वर्षेही लोटली नाहीत तोच, 3 जुलै 2000 या दिवशी, सिद्धार्थ बसू यांच्या निर्मितीखाली आणि अमिताभ बच्चन यांच्या मुखाने तो स्टार प्लसवर हिंदीतून अवतरला. पंधरा प्रश्न, एक हजारापासून एक कोटीपर्यंत चढत जाणारी रक्कम, दहा हजार आणि तीन लक्ष वीस हजार असे दोन पडाव, आणि संकटसमयी वापरावयाचे तीन तारणोपाय, हा सारा तपशील त्या काळी शाळेतल्या पोरांना पाढ्यांपेक्षा अधिक मुखोद्गत होता. खेळात शिरण्यासाठी फोन फिरवावा लागे, आणि स्टेशनासमोरच्या एसटीडी बूथवर लोक रांग लावून तो फिरवीत. आमच्या पंचांपैकी एकाचाही फोन लागला नाही. त्यामुळे आपण कोट्यधीश झालो नाही याचा दोष बुद्धीकडे न जाता टेलिफोनच्या तारेकडे गेला, आणि सर्वांची अब्रू शाबूत राहिली.

आता या पुनर्दर्शनाचे खरे प्रयोजन सांगतो. वरकरणी ते मनोरंजन दिसते. अंतर्यामी तो एक पंचनामा आहे. पडद्यावर प्रश्न उमटतो, चार पर्याय झळकतात, आणि स्पर्धकाने घसा खाकरण्यापूर्वीच सोप्यातून एकमुखाने उत्तर येते. ते बरोबर असते, कारण ते चुकण्याची मुदत सन 2000 मध्येच टळून गेली आहे. परंतु कोणीही “हे मला आता ठाऊक आहे” असे म्हणत नाही, तर प्रत्येक जण “मी तेव्हाच सांगितलो होतो” अशी जबानी देतो, आणि शेजाऱ्याला साक्षीस ओढतो. शेजारीही बेलाशक साक्ष देतो, कारण पुढच्या प्रश्नाला त्यालाही साक्षीदार लागणार असतो. अशा रीतीने होटगीतील समस्त प्रौढ रहिवासी पूर्वलक्षी प्रभावाने सर्वज्ञ ठरत चालले आहेत.

या प्रकरणातील सर्वांत मोठा मुद्देमाल म्हणजे मुंबईच्या हर्षवर्धन नवाथे यांचा भाग. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा हा तरुण मराठी माणूस त्या खेळातला पहिला कोट्यधीश ठरला, आणि त्याला कोटीच्या पायरीवर विचारलेला प्रश्न असा होता, की संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा राज्यघटना यांपैकी कोणाला देते. उत्तर, महान्यायवादी. ही तरतूद अनुच्छेद 88 मध्ये आहे. त्याला दोन्ही सभागृहांत बोलता येते, मत मात्र देता येत नाही. “बोलायचं हाय, मत द्यायचं न्हाई,” अप्पा म्हणाले, “म्हणजे माझं या घरातलं पद.” गुरुजींचे म्हणणे असे, की हा प्रश्न म्हणजे त्यांच्या शिकवणीचाच एक धडा असून, त्या रात्री नवाथे विचारात पडलेले पाहून त्यांनी संचासमोर उभे राहून ‘महान्यायवादी, महान्यायवादी’ असा दोनदा घोष केला होता. मालकांनी लगेच आपली कैफियत जोडली, की गुरुजींचा घोष त्यांनी दुकानापर्यंत ऐकला, परंतु त्याच्याही आधी आपण तेच उत्तर गिऱ्हाइकाला शेंगदाणे मोजून देता देता सांगून टाकले होते. मी या पदाचे नाव तेव्हा ऐकले होते किंवा नाही, याविषयी माझी जबानी अद्याप कोणी मागितलेली नाही, आणि मीही ती देण्याची घाई केलेली नाही.

मालकांचा जीव मात्र उत्तरात नसतो. तो रकमेत असतो. साडेबारा लाख हाती आलेले असताना पंचवीस लाखांच्या प्रश्नाला अंदाजाने हात घालणारा स्पर्धक पाहिला, की त्यांना बसवत नाही. चुकला तर तो थेट तीन लाख वीस हजारांवर उतरणार, म्हणजे नऊ लाख तीस हजारांचा रोख तोटा, हा हिशेब ते बोटे न मोडता करतात, आणि पडद्यावरच्या त्या अभागी इसमाला उद्देशून ओरडतात, “सोड की बे! घे अन् घरला जा!” त्या इसमाने ती रक्कम पूर्वीच गमावली आहे, ती गमावून त्याची मुलेबाळे मोठी झाली आहेत, ही गोष्ट त्यांना आम्ही अनेकवार निदर्शनास आणून दिली. त्यावर त्यांचे उत्तर, “म्हणून काय सांगायचंच न्हाई?” उधारी बुडाल्यावरही तगादा चालू ठेवणाऱ्या व्यापाऱ्याच्या या निष्ठेपुढे आम्ही निरुत्तर होतो.

अप्पांचे आक्षेप तांत्रिक असतात. बच्चन उत्तर ‘लॉक’ करण्याची अनुज्ञा मागतात, स्पर्धक देतो, आणि त्या क्षणापासून त्याच्या कपाळावर घामाचे थेंब जमू लागतात, हे अप्पांना मुळीच पटत नाही. ज्यांनी केबिनमधले लिव्हर ओढवण्यात आयुष्य घातले, त्यांच्या शास्त्राप्रमाणे आधी सांधे बसतात, मग ते अडकवले जातात, त्यानंतरच सिग्नल पडतो, आणि एकदा सिग्नल पडला की सांध्याचा लिव्हर भीमाने ओढला तरी हलत नाही. म्हणूनच गाडी निर्धास्त जाते. “आमच्यात लॉक झाल्यावर माणूस चहा पितो,” अप्पा म्हणतात. “ह्यांच्यात लॉक झाल्यावर माणूस पाणी मागतो. ही कसली पद्धत?” मित्राला फोन करण्याच्या तारणोपायाविषयीही ते असेच निराश आहेत. तीस सेकंद! आमच्या भागात फोन उचलणारा आधी ‘कोण बोलायलाय’ विचारतो, मग ‘ऊटा आतेन री’ म्हणून जेवणाची चौकशी होते, मग पावसाची. प्रश्नाचे चार पर्याय निघेपर्यंत विजापूरची पॅसेंजर सुटलेली असते.

नातवाने एके रात्री मूळ विलायती खेळातील एक भाग लावला, आणि त्याने मात्र साऱ्या सोप्याला सरसावून बसवले. चार्ल्स इंग्रॅम नावाचा इंग्रजी लष्करातील एक मेजर 2001 च्या सप्टेंबरात दहा लाख पौंडांपर्यंत पोहोचला. शेवटचा प्रश्न होता, एकावर शंभर शून्ये असलेल्या संख्येचे नाव काय. मेजर प्रथम भलत्याच पर्यायाकडे झुकला, मग त्याने चारही पर्याय पुनःपुन्हा मोठ्याने घोळवले, आणि ‘गुगोल’ हे नाव घेताच स्पर्धकांच्या रांगेतून कोणीतरी खोकले. मागाहून ध्वनिफिती तपासल्या गेल्या. एकोणीस खोकले निर्मात्यांना अर्थपूर्ण वाटले. धनादेश थांबवण्यात आला, आणि 2003 साली लंडनच्या न्यायालयाने मेजर, त्याची पत्नी आणि खोकणारा, जो एका महाविद्यालयात शिकवणारा गृहस्थ होता, अशा तिघांनाही दोषी ठरवून दंड केला, शिवाय तुरुंगवासाच्या शिक्षा सुनावून त्या स्थगित ठेवल्या. आपण निर्दोष असल्याचे तिघेही सांगत राहिले.

हे सर्व ऐकून अव्वांनी पानाचा विडा एका गालातून दुसऱ्या गालात नेला आणि विचारले, “एकोणीस येळा कशाला खोकला त्यो?” त्यांच्या सासरी, त्या सांगू लागल्या, मामंजी बाहेरून आत येताना उंबऱ्यावर एकदाच खाकरत, तेवढ्यात सुनांच्या डोईवर पदर येत, पोरांची भांडणे मिटत, आणि चुलीवर चहाचे आधण चढे. चार कामांना एक खोकला पुरत असताना ज्यांना एका उत्तरासाठी एकोणीस लागतात, त्यांनी दीडशे वर्षे आपल्यावर अंमल कसा गाजवला, हे कोडे त्यांना त्या रात्री झोपेपर्यंत सुटले नाही. गुरुजींनाही सुटले नाही, आणि तो त्यांचा विषय आहे.

मराठीत हा खेळ 2013 साली सचिन खेडेकर यांनी आणला तेव्हा तो आम्ही पाहिला, पण 2019 साली त्या आसनावर नागराज मंजुळे बसले, तेव्हा पाहणे हे कर्तव्य झाले. कारण मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, आणि जेऊर आमच्याच जिल्ह्यातले, आमच्याच मार्गावरचे स्टेशन. तेथे ड्यूटी केलेल्या अप्पांनी त्या मालिकेचे निम्मे श्रेय परस्पर रेल्वेच्या खात्यावर जमा केले आहे. अव्वांचा पसंतीचा भाग मात्र त्याच वर्षीच्या हिंदी खेळातला, ज्यात अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे यांनी कोटी जिंकले. शाळेत पोरांसाठी खिचडी शिजवण्याचे महिना पंधराशे रुपये मिळवणाऱ्या या बाईंना पैशातून काय घ्याल असे विचारले, तेव्हा त्यांनी एक मोबाइल मागितला. हा भाग अव्वा वारंवार लावायला सांगतात, आणि तेवढा वेळ सोप्यात कोणीही ‘मी तेव्हाच सांगितलो होतो’ असे म्हणत नाही, कारण अव्वांच्या हाताशी अडकित्ता असतो.

आणि याच अव्वांनी परवा पंचनाम्याचा पायाच उखडला. नवाथ्यांचा भाग पुन्हा लागला होता, गुरुजींचा घोष आणि मालकांचे शेंगदाणे यथाक्रम होऊन गेले होते, आणि अप्पाही आपण पाळीवरून येऊन दारातच उत्तर दिल्याचे नव्याने आठवू लागले होते, एवढ्यात अव्वा शांतपणे म्हणाल्या, “त्या राती लाईट होती कुठं रे? समद्या गावाची गेल्ती. कंदील लावून भाकऱ्या केल्यात मी.” नातवाने भाग थांबवला. गुरुजींनी चष्मा पुसला. मालक म्हणाले, की लाईट गेली होती ती दुसऱ्या रात्री. अप्पा म्हणाले, की गेली होती ती नवाच्या आधी आणि आली होती ती प्रश्नाच्या वेळी. आणि अव्वांनी, वय झाले असले तरी आपल्याला कंदिलाची काच पुसल्याचे स्मरते, एवढेच सांगून पुन्हा विडा जुळवायला घेतला. पंचांनी तूर्त असा ठराव केला आहे, की अव्वांचे बयान नोंदवावे, परंतु इतर जबान्या रद्द करू नयेत.

तरी वाचकांस विनंती अशी, की 2000 साली त्या रात्री आपण उत्तर चुकलो होतो असे स्वच्छ शब्दांत कबूल करणारी व्यक्ती आपल्या गावात, नात्यात किंवा ओळखीत असल्यास तिला एकदा होटगीला पाठवून द्यावे. जेवणाची व्यवस्था अप्पांकडे आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मिळेल. परतीच्या गाडीची चौकशी मात्र निघण्यापूर्वीच करून यावे.