कुठला संतोष?

माझा जन्म १९७६ सालचा. आदल्याच वर्षी 'जय संतोषी माँ' लागला होता. बायका चपला बाहेर काढून थेटरात शिरत आणि पडद्यावर देवी आली की फुलं, नाणी उधळत. आईने तो पाहिला आणि लगेच सोळा शुक्रवार धरले. गूळ-चण्याचा नैवेद्य सुरू झाला, आंबट वर्ज्य म्हणून लोणच्याची बरणी शेजारी गेली, आणि यथावकाश मी आलो. नाव काय ठेवायचं यावर घरात चर्चा झालीच नाही. आळीतल्या आणखी तीन घरांतही झाली नव्हती, हे मला बालवाडीत कळलं.

वर्गात आम्ही चौघे. बाईंनी "संतोष!" अशी हाक मारली की चौघे उभे राहत आणि छडी जवळच्याला बसे. पुढे ओळखीसाठी शेपट्या लागल्या. जाड्या संतोष, डावरा संतोष, पोस्टातला संतोष (पोस्टात त्याचे बाबा होते, पण ते असो). माझ्यात नाव ठेवण्याजोगंही काही सापडेना, म्हणून मी 'दुसरा संतोष'. पहिला कोण, ते अजून ठरायचंय.

बरं, महाराष्ट्राबाहेर जावं, तर पंजाब-हरियाणात संतोष हे बायकांचंही नाव. चंदीगडच्या एका लॉजवर मॅनेजरने आधी वही पाहिली, मग मला, मग माझ्या पाठीमागे. "मॅडम कहाँ हैं?"

फुटबॉलची संतोष ट्रॉफी तरी आमच्यातल्या कुणा कर्तबगाराच्या नावाने असेल, अशी आशा होती. तर तो संतोष म्हणजे पूर्व बंगालातलं गाव निघालं! तिथल्या महाराजांच्या स्मरणार्थ १९४१ पासून ती स्पर्धा भरते.

आईच्या मोबाईलमध्ये हल्ली संतोष दूध, संतोष केबल, संतोष गॅस आणि संतोष घरचा असे चार नंबर आहेत. चष्मा कुठेतरी राहिलेला असतो. परवा दुपारी ऑफिसात फोन आला, "अरे, दोन दिवस टीव्ही बंद आहे. पैसे मात्र एक तारखेला मोजून नेतोस! लाज वाटते का?"

खुलासा करण्यात अर्थ नव्हता. "आत्ता माणूस पाठवतो, मावशी," म्हटलं आणि केबलवाल्या संतोषला फोन लावला.

संध्याकाळी घरी गेलो तर मालिका सुरू होती. आई म्हणाली, "त्या संतोषला एक फोन केला, तासाभरात काम! नाहीतर तू."