टॉपर नेमका कुणाचा?

टेक्ससच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात फुटबॉल खेळणाऱ्या 13 पोरांना चोरून 61 हजार डॉलर दिले गेले. बिंग फुटलं आणि 1987 चा अख्खा हंगाम संघाला घरी बसावं लागलं. मग राज्याच्या गव्हर्नरांनीच, बिल क्लेमंट्स यांनी, कबुली दिली. पैसे वाटले गेले तेव्हा ते विद्यापीठाचे संस्थाध्यक्ष होते. एकदा पकडले गेल्यावरही पैसे चालूच ठेवायचे ठरले, कारण पोरांना शब्द दिला होता! असा शब्दाचा पक्का माणूस मराठवाड्यात जन्मता तर एव्हाना दोन मेडिकल कॉलेजं आणि एक साखर कारखाना त्याच्या नावावर असता.

लातूर-नांदेडचा खेळ फुटबॉल नाही, मेडिकल प्रवेशाची ‘नीट’ आहे. वर्षात एकच सामना, 180 मिनिटांचा, 720 गुणांचा. दहावीचा निकाल लागला, की लातूरच्या ट्यूशन एरियातून आणि नांदेडच्या श्यामनगरातून टॉपरांच्या घरी क्लासवाल्यांचे फोन सुरू. ‘सर, फी माफ. होस्टेल, मेस आमच्याकडं. धाकटीलाही घेऊ.’ कंधारकडच्या बापाला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी ‘सर’ म्हणतं. साठ टक्केवाल्याच्या बापाला फोन येत नाही. त्यानं भरलेल्या फीवरच तर हे फोन होतात.

नीटच्या निकालानंतर तेच पोरगं एका क्लासच्या होर्डिंगवर रेग्युलर बॅचचं, दुसऱ्यावर क्रॅश कोर्सचं, तिसऱ्यावर नुसत्या टेस्ट सिरीजचं. यात आपणच पुढं आहोत असं मात्र नाही. 2022 च्या यूपीएससीत 933 जण निवडले गेले आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मोजणीत अवघ्या 20 क्लासेसचे निवडींचे दावे भरले 3,636. वरचे सत्तावीसशे साहेब कुठं रुजू झाले, विचारायची सोय नाही.

नोव्हेंबर 2024 पासून नियम आहे: जाहिरातीतल्या फोटोला पोराची निवडीनंतर लेखी संमती हवी, कोर्स कोणता तेही छापायचं. अमेरिकेत 2021 पासून कॉलेजचे खेळाडू आपलं नाव नि चेहरा राजरोस विकतात. 2025 पासून कॉलेजंच थेट पैसे देतात. आमच्याकडं चेहरा पोराचा, बोलणी बापाची, भाव सरांचा.

त्यापेक्षा मोंढ्यातल्या सोयाबीनसारखा टॉपरचाही उघड सौदा करावा. बोली सगळ्यांसमोर, अडत ठरलेली, पट्टी हातात. रिपीटरचा ढीग तेवढा वेगळा लावा. नाहीतर जुना माल नव्याच्या भावात जातो.