अमूर्त पेंटर

प्रत्येक मोठ्या गावात एक तरी न समजला गेलेला चित्रकार असतोच. वेळापूरलाही आहे. गाव त्याला नुसतं 'पेंटर' म्हणतं. तो स्वतःला 'अमूर्त चित्रकार' म्हणवून घेतो. पोट मात्र मूर्तच असल्यामुळे दिवसा तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर 'आईचा आशीर्वाद' रंगवतो. फ्लेक्स आल्यापासून पाट्यांचं काम बसलं, फुरसत वाढली आणि त्या फुरसतीत अमूर्तता शिरली.

हॉटेलात पहिल्या चहाला तो चित्रकार हुसेनांचा विषय काढतो. "आपल्या पंढरपूरचेच. १९१५चा जन्म. तेही आधी सिनेमाचे बोर्डच रंगवायचे!" दुसऱ्या चहाला गायतोंडे. नागपुरात जन्मलेल्या वासुदेव गायतोंड्यांचं एक चित्र २०१३ साली मुंबईच्या लिलावात २३ कोटी ७० लाखांना गेलं, हे ऐकून हॉटेलवाल्याच्या हातातलं फडकं थांबलं.

"काय काढलं हुतं त्यात?"

"काहीच नाही. तेच तर!"

"मग तू कशाला एवढं काढत बसतूस?"

दुखणं नेमकं हेच आहे. गायतोंडे रोलरनं रंग लावत, पॅलेट नाइफनं खरवडत. पेंटरनंही डिस्टेंपरचा जुना रोलर घेतला. मन निराकारात रमतं, पण हाताला बोर्डाची सवय. परवा सुंदर करडी पोकळी जमली होती. शेवटी उजव्या कोपऱ्यात हातानं परस्पर 'प्रो. प्रा.' लिहून टाकलं. वर सहीला लाल शॅडो.

बघणारे तर त्याहून पुढचे. एका निवृत्त तलाठ्याला चित्रात गटाचा नकाशा दिसला आणि 'बांध सरकलाय' असा शेराही त्यानं मारला. एका बागायतदारानं तांबूस ठिपके निरखून सल्ला दिला, "तांबेरा हाय. लवकर फवारणी घे." पेंटरची आई काही बोलली नाही, तिनं फक्त गॅसवरची भाकरी पाहून घेतली.

गावाला दृष्टी नाही, असं पेंटर सर्वांना ऐकवतो. पण मुंबईला जहांगीर आर्ट गॅलरीत दुसऱ्याच्या अमूर्त चित्रापुढे हाच माणूस मान वाकडी करून मला कुजबुजला, "खाली डावीकडं बैल वाटतोय का हो?" बैल नाही म्हटल्यावर त्यानं किंमत वाचली आणि म्हणाला, "हे तर मीपण काढलं असतं."

खरं तर वेळापूरला निराकाराचं वावडं नाही. बांधावरच्या म्हसोबाला ना नाक, ना डोळे. नुसता शेंदूर थापलेला दगड. येणारा-जाणारा हात जोडतो, 'हे कशाचं?' असं कुणी विचारत नाही. पेंटरनं हाच मुद्दा तिसऱ्या चहाला मोठ्या कळवळ्यानं मांडला. "दगडाला कुणी अर्थ विचारत नाही, मला का विचारता?"

हॉटेलवाला कप विसळत म्हणाला, "दगड सवताहून समजावत न्हाई, पेंटर."

अमूर्त कलेवरची इतकी नेमकी समीक्षा माझ्या तरी वाचनात नाही. तेव्हा कधी वेळापूरला आलात, तर यादवकालीन अर्धनारी नटेश्वराचं दर्शन घ्या आणि मग पेंटरकडे जरूर जा. रंग त्याला खरोखर कळतो. चित्रापुढे दोन मिनिटं नुसते उभे राहा. फक्त अर्थ विचारू नका. तो सांगायला लागतो.